45 टक्क्यांचे 2 टक्के कसे होतात? रेडिएटरवरचा पेपर वाचताना

मेकॅनिकलमधून पीएचडीची तयारी करणाऱ्यांचे सिनॉप्सिस वाचायला येतात तेव्हा एक विषय हमखास भेटतो: नॅनोफ्लुइड वापरून वाहनाच्या रेडिएटरची कार्यक्षमता वाढवणे. प्रस्तावनेतलं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं. उष्ण हवामानात, चढावर, जड वाहनांची इंजिनं तापतात, म्हणून चांगल्या कूलंटची गरज आहे. त्या ‘म्हणून’वर माझा आक्षेप आहे. इंजिन तापतं हे खरं. पण ते कूलंटमुळे तापतं, हे प्रस्तावनेने सिद्ध केलेलं नसतं, नुसतं गृहीत धरलेलं असतं. आणि त्या एका शब्दावर तुमची पुढची तीन-चार वर्षं उभी राहणार असतात.

आज या प्रकारच्या संशोधनाकडे जरा कडक नजरेने बघू. त्यासाठी एक ठोस परिस्थिती डोळ्यासमोर ठेवा. नंदुरबार जिल्ह्यातला सातपुडा, मे महिन्यातली दुपार, तापमान 42 अंश. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, माणसं-सामानासकट वजन 2000 किलो. डांबर संपलंय, मोकळ्या दगडमातीचा 20 टक्क्यांचा चढ आहे, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडी लो रेंजमध्ये, ताशी 10 किलोमीटरने चढतेय. हौशी ऑफ-रोडिंगवाल्यांना हे ओळखीचं आहेच, पण धडगावकडच्या पाड्यांवर जाणाऱ्या जीपवाल्यांना त्याहून जास्त. त्यांच्यासाठी तो खेळ नाही, रोजचा रस्ता आहे.

आधी हिशेब करू, पेपर नंतर उघडू.

चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी शक्ती साधारण 10.7 किलोवॅट येते. भुसभुशीत जमिनीचा रोलिंग रेझिस्टन्स 0.1 धरला तर आणखी 5.3. चाकांपाशी झाले 16 किलोवॅट. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन डिफरन्शियल यांतला तोटा धरून इंजिनाला 20 किलोवॅटच्या आसपास द्यावे लागतात. इंधनातली ऊर्जा ढोबळमानाने तीन वाट्यांत जाते: एक कामाला, एक सायलेन्सरमधून बाहेर, एक कूलंटमध्ये. म्हणजे कूलंटला साधारण 20 किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची आहे.

आता तीच गाडी सपाट हायवेवर ताशी 100 ने पळवा. चौकोनी बांध्याची गाडी, ड्रॅग गुणांक आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार 1.3 चौरस मीटर धरा. हवेशी झगडायला जवळपास 17 किलोवॅट, टायरना 8. चाकांपाशी झाले 25. चढावरच्या 16 पेक्षा हे चांगलेच जास्त आहेत!

इथे जरा थांबा. हायवेवर इंजिन जास्त उष्णता तयार करतंय, तरी काटा मधोमध उभा. चढावर कमी उष्णता, आणि काटा लाल पट्टीकडे. म्हणजे ‘चढावर इंजिनावर लोड येतो म्हणून ते तापतं’ हे आपण सगळे बोलतो ते निदान या गतीला अपुरं आहे. (डांबरी घाटात 50 ने दामटलीत तर गोष्ट वेगळी. तिथे उष्णता खरंच वाढते.) फरक उष्णतेत नाही, हवेत आहे. हायवेवर गाडीला समोरून सेकंदाला 28 मीटर वेगाने हवा भेटते. चढावर 2.8 मीटर, आणि त्यातली ग्रिल, बंपर, एसीचा कंडेन्सर ओलांडून रेडिएटरच्या जाळीपर्यंत पोचते ती थोडीच. बाकी सगळा भार फॅनवर.

एवढं हाताशी असलं की पेपर उघडायला हरकत नाही.

या विषयातला सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी एक पेपर 2011 साली ‘अप्लाइड थर्मल इंजिनिअरिंग’मध्ये आला. पेयघंबरझादे आणि सहकाऱ्यांचा. पाण्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे नॅनोकण, आकारमानाने 0.1 ते 1 टक्का. 34 उभ्या नळ्यांचा मोटारीचा रेडिएटर. निष्कर्ष: नुसत्या पाण्याच्या तुलनेत उष्णतावहनात 45 टक्क्यांपर्यंत वाढ. हा 45 चा आकडा तुम्हाला असंख्य लिटरेचर रिव्ह्यूंमध्ये दिसेल. बहुतेक ठिकाणी एकटाच दिसेल, अटींशिवाय.

अटी मात्र लेखकांनी लपवलेल्या नाहीत, थेट अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्येच आहेत. द्रवाचा प्रवाह मिनिटाला 2 ते 5 लिटर. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या द्रवाचं तापमान 37 ते 49 अंश. हवेचा वेग स्थिर.

आता सातपुड्यातली दुपार आठवा. बाहेर हवाच 42 अंशांची. 42 च्या हवेत 45 चा द्रव घेऊन रेडिएटर काय करणार? आपल्या गाडीत कूलंट 100 च्या आसपास असतो आणि पंप मिनिटाला काही दहा लिटर फिरवतो. हा पेपरचा दोष नाही. प्रयोगशाळेत नळीच्या आतलं उष्णतावहन मोजायचं तर अशा अटी सोयीच्या असतात. दोष आपला आहे, जे त्यातला आकडा उचलून थेट घाटात नेऊन ठेवतात.

पण समजा, अटींचं सोडून दिलं. 45 टक्के खऱ्या गाडीतही मिळाले असं उदार मनाने मान्य केलं. तरी पुढे काय होतं?

रेडिएटरमध्ये उष्णतेला तीन अडथळे ओलांडायचे असतात: कूलंटकडून नळीच्या भिंतीपर्यंत, भिंतीतून आरपार, आणि भिंत-पाकळ्यांकडून हवेत. भिंत धातूची आणि पातळ, तिचा रोध नगण्य. उरले दोन. हवा ही उष्णता घेण्यात द्रवापेक्षा फारच आळशी, म्हणून तर त्या बाजूला दाट पाकळ्या लावलेल्या असतात. एवढं करूनही मोठा रोध हवेकडेच उरतो. धरा, एकूण 100 पैकी 80 हवेकडे, 20 कूलंटकडे. कूलंटकडचा गुणांक 45 टक्क्यांनी वाढला तर 20 चे 13.8 होतात. एकूण रोध 100 चा 93.8 होतो. म्हणजे रेडिएटरची एकंदर वहनक्षमता वाढली सुमारे 6.6 टक्क्यांनी.

45 चे 6.6 झाले. अजून एक पायरी उतरायची आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती बरेच जण विसरतात.

केज आणि लंडन यांचं ‘कॉम्पॅक्ट हीट एक्स्चेंजर्स’ हे पुस्तक 1955 चं. त्यातली परिणामकारकता-एनटीयू पद्धत तुम्ही पदवीला शिकलात, परीक्षेत सोडवलीत, बहुधा विसरलात. ती म्हणते, हवा रेडिएटरमधून जाताना जास्तीत जास्त कूलंटच्या तापमानापर्यंतच तापू शकते. त्या कमाल मर्यादेचा किती भाग प्रत्यक्षात साधला, ती परिणामकारकता. हवा सावकाश जात असेल तर तिला तापायला भरपूर सवड मिळते, आणि ती बाहेर पडते तेव्हा जवळजवळ कूलंटइतकी गरम झालेली असते. चढावर नेमकं हेच होतं. आपल्या गाडीसाठी एनटीयू 2 आणि दोन प्रवाहांच्या उष्णताधारणेचं गुणोत्तर 0.18 धरलं तर परिणामकारकता 0.82 येते. वहनक्षमता 6.6 टक्क्यांनी वाढवा, एनटीयू 2.13 होतो, परिणामकारकता 0.84. बाहेर जाणारी उष्णता वाढली फक्त 2 टक्क्यांनी.

कोणी म्हणेल, 80-20 चं विभाजन तुमच्या सोयीचं आहे, कमी आरपीएमवर पंपही मंदावतो. बरोबर, विचारायलाच हवं. कूलंटचा वाटा 20 ऐवजी 30 टक्के धरून करून बघा: वहनक्षमता 10 टक्के वाढते आणि बाहेर पडणारी उष्णता 3 टक्के. चित्र बदलत नाही. जी हवा आधीच तापून निघाली आहे, तिच्यात आणखी उष्णता कोंबण्यासाठी आपण महागडे कण विकत घेतोय.

यात अजून कणांच्या तळाशी बसण्याचा, पंपाच्या झिजेचा, वाढलेल्या दाटपणाचा विषय काढलेलाच नाही. तुलना समान रेनॉल्ड्स संख्येवर केली आहे की समान पंपिंग-शक्तीवर, हे मात्र प्रत्येक पेपरमध्ये बघाच. दाट द्रव समान रेनॉल्ड्स संख्येला आणायचा तर तो जास्त वेगाने ढकलावा लागतो. मग वाढ कणांमुळे झाली की वेगामुळे, हे कसं सांगणार?

‘नॅनोफ्लुइड’ हा शब्द 1995 मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेतल्या स्टीफन चोई यांनी रूढ केला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत असाधारण वाढीचे दावे इतके झाले, की शेवटी जगभरातल्या 30 हून अधिक संस्थांनी एकसारखे नमुने वाटून घेऊन उष्णतावाहकता मोजली. बुओन्जोर्नो आणि इतरांचा तो अहवाल 2009 मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये आला. या नमुन्यांत असाधारण असं काही सापडलं नाही. वाहकतेतली वाढ जुन्याच सिद्धांतांच्या अपेक्षेप्रमाणे होती. तारखा बघा: अहवाल 2009 चा, रेडिएटरचा पेपर 2011 चा, आणि सिनॉप्सिस आजही येतायत. एखादा विषय वैज्ञानिकदृष्ट्या थंडावल्यावरही विद्यापीठांत तेजीत राहू शकतो. कारण सरळ आहे. सामान स्वस्तात जमतं, रिग टेबलावर मावते, आणि आकडा नेहमी अधिक चिन्हाचाच येतो. गाईडही खूश, जर्नलही खूश.

दुसरीकडे उद्योगाचं मोजमाप बघा. मोटार कंपन्या ‘एअर टू बॉइल’ नावाचं साधं माप वापरतात. गाडी लोडवर स्थिर चालवायची, कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक काढायचा आणि तो उत्कलनबिंदूतून वजा करायचा. समजा कूलंट 104 वर स्थिरावला, हवा 38, फरक 66. उत्कलनाची मर्यादा 115 धरली, तर 49 आलं. म्हणजे बाहेर 49 अंश होईपर्यंत ही गाडी उकळणार नाही. आकडा एक, पण त्यात फॅन, श्राउड, ग्रिल, पंप, कॅप सगळे आले. नळीच्या आतला नुसेल्ट नंबर हे सांगू शकत नाही.

पण उद्योगाचंही सगळं गोड मानू नका. ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेसाठीचं अमेरिकन मानक, एसएई जे2807, त्यातली चढाची चाचणी प्रसिद्ध आहे. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा 11.4 मैलांचा चढ, पायथ्याशी किमान 38 अंश तापमान, एसी पूर्ण चालू. कडक आहे आणि मला आवडते, कारण ‘उष्ण, डोंगराळ’ हे शब्द तिने मोजता येतील असे केले. फक्त हलक्या वाहनांना तिथे किमान वेग ताशी 64 किलोमीटरच्या आसपास राखावा लागतो. म्हणजे समोरून वारा आहेच! ती चाचणी पास झालेली गाडी ताशी 10 च्या चढावर थंड राहील असा अर्थ त्यातून निघत नाही. चाचणी खोटी नाही, तिचा प्रश्न वेगळा आहे.

मग सातपुड्यातल्या चढाचा प्रश्न कुठला? आपल्या 20 किलोवॅटकडे परत या. कूलंट 100, हवा 42, फरक 58 अंश. परिणामकारकता 0.82 असेल तर सेकंदाला सुमारे 0.42 किलो हवा लागते. 500 मीटर उंचीवर 42 अंशांच्या हवेची घनता साधारण 1.06 किलो प्रति घनमीटर. समुद्रसपाटीला 25 अंशांच्या प्रयोगशाळेतल्या हवेपेक्षा ती 10-11 टक्के विरळ आहे, म्हणजे तोच फॅन तेवढेच फेरे घेऊन तेवढी कमी हवा देतो. रेडिएटरचं तोंड 0.3 चौरस मीटर धरलं तर जाळीतून सेकंदाला 1.3 मीटर वेग पुरतो. मोठी मागणी नाही ही. निरोगी फॅन सहज पुरवेल.

तरी गाडी का उकळते? कारण त्या हवेचं तापमान 42 नसतं. समोरून वारा नसला की रेडिएटरमागची तापलेली हवा बॉनेटखाली कोंडते, आणि फॅन तिलाच कडेच्या फटींमधून पुन्हा पुढे ओढून घेतो. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसून स्वतःची उष्णता ओततो. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर घसरत असतो, त्याच्या तेलाचा कूलरही याच हवेवर जगतो. जाळीत शिरणारी हवा 42 ऐवजी 52 झाली, तर फरक 58 वरून 48 वर येतो. बाहेर टाकता येणारी उष्णता 17 टक्क्यांनी घटली. नॅनोकणांनी मिळवलेले ते 2 टक्के यापुढे ठेवून बघा. आणि या 17 टक्क्यांवरचा उपाय म्हणजे रेडिएटरच्या चौफेर फटी बंद करणारी फोमची पट्टी आणि न तुटलेला श्राउड.

गॅरेजमधले सल्लेही याच कसोटीवर लावून बघा. ‘लो रेंज लाव’ हा सल्ला अगदी योग्य, पण ‘लोड कमी होतो’ हे त्याचं कारण अर्धवट आहे. त्याच वेगाला इंजिन जास्त फेरे घेतं, त्यामुळे पंप आणि पट्ट्यावरचा फॅन दोन्ही जोरात फिरतात, शिवाय टॉर्क कन्व्हर्टरची घसरण कमी होते. विजेच्या फॅनच्या गाडीत यातला फॅनचा फायदा मिळत नाही. ‘एसी बंद, हीटर चालू’: त्रासदायक, पण गणिताला धरून आहे, कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर आणि त्याचा ब्लोअर इंजिनावर अवलंबून नाही. ‘थर्मोस्टॅट काढून टाक’ याला मात्र आधार नाही. चांगला थर्मोस्टॅट 100 अंशांना पूर्ण उघडलेलाच असतो. अडकलेला असेल तर बदलायचा. काढून टाकला तर बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते आणि काही कूलंट रेडिएटरला टाळून परत फिरतो. ‘नुसतं पाणी घाल’ हे अडचणीत ठीक, पण उत्कलनबिंदू आणि गंज दोन्हीकडे तोटा. आणि तापल्याबरोबर इंजिन बंद करणं: पंप थांबतो, सिलिंडर हेडच्या धातूतली उष्णता थांबलेल्या कूलंटमध्ये जाते आणि तो तिथल्या तिथे उकळतो. कूलंट गळत नसेल तर गाडी वाऱ्याकडे तोंड करून, न्यूट्रलमध्ये, थोडी रेस देऊन चालू ठेवणं बरं. कॅप मात्र निवेपर्यंत उघडायची नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या बोटभर फटीत अडकणारं वाळलेलं गवत, भुसा आणि चिखल यावरही थोडं. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र चटई झालेली असते. पाणी मारायचं तर कमी दाबाने, इंजिनाकडून पुढच्या दिशेने. साचलेल्या चिखलाच्या थरागणिक हवेचा प्रवाह किती घटतो, हे पद्धतशीर मोजणं मला एम.टेक.च्या प्रबंधाला पुरेसं वाटतं. व्हायवाला बसलेल्यांना ते फारसं चकचकीत वाटणार नाही, ही वेगळी गोष्ट.

म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक काम करा. एक जुनी फोर-बाय-फोर मिळवा. रेडिएटरच्या पुढच्या तोंडावर 9 किंवा 12 थर्मोकपल जाळीसारखे बांधा, एक गाडीपासून दूर, सावलीत. चढ चढताना दोन्हींतला फरक नोंदवा: फटी उघड्या ठेवून, मग बंद करून, एसी चालू आणि बंद. एका आठवड्याचं काम आहे. त्यातून जो नकाशा निघेल, त्यात हवा कुठल्या कोपऱ्यातून परत येते ते दिसेल.

नोंदवहीत वाऱ्याची दिशाही लिहा. डोंगराळ भागात ऊन तापलं की दुपारी वारा दरीतून उताराच्या वरच्या दिशेने वाहतो. तो ताशी 10 किलोमीटरचा असेल आणि तुम्हीही ताशी 10 ने वर चढत असाल, तर ग्रिलला लागणारा वारा शून्य.